डॉ. पर्सी ज्युलियन : एका रसायनशास्त्रज्ञाची वाटचाल

आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी आम्ही बसतो. मुले वाचीत असतात, कोणाला अर्ज भरून हवा असतो, कोणाला शिष्यवृत्तीची माहिती. अशाच एका रविवारी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने पुस्तक मिटले आणि विचारले, "काका, रसायनशास्त्र घेऊन पुढं संशोधनात गेलो, तर तिथं माणसाच्या कामाकडं बघतात की आडनावाकडं?"

आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर, आयुष्य बँकेच्या काउंटरमागे चाललेले. उत्तर चटकन देता आले नाही. "कामाकडे बघतात" असे म्हटले असते, तर ती अर्धी थाप झाली असती. "आडनावाकडे बघतात" म्हटले असते, तर पोराने कदाचित पुस्तक कायमचेच मिटले असते. त्या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही एका शास्त्रज्ञाचे चरित्र वाचून काढले. ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ डॉ. पर्सी ज्युलियन यांचे. स्मरणिकेच्या या पानांवर तेच सांगण्याचा विचार आहे. प्रश्न विचारणारा तो मुलगा हे वाचेल, आणि त्याच्यासारखे इतरही वाचतील, अशी आशा आहे.

स्टेशनवरचा निरोप

पर्सी ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी या गावी झाला. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वडील रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून, आई शिक्षिका. सहा भावंडांत पर्सी थोरले. त्या काळी मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीय मुलांना आठवीच्या पुढे सरकारी हायस्कूल नव्हते. शिक्षक तयार करणाऱ्या एका वेगळ्या शाळेत जेवढे मिळाले, तेवढ्यावर त्यांना थांबावे लागले.

१९१६ साली ते इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल येथील डीपॉ विद्यापीठात जाण्यास निघाले. निरोप द्यायला घरच्या वडीलधाऱ्यांसह सारे कुटुंब स्टेशनवर आले होते. आजोबांनी हात हलवला, त्या हाताला दोन बोटे नव्हती. गुलामाने लिहावाचायला शिकायचे नाही, हा तिथला नियम आजोबांनी मोडला, म्हणून ती बोटे तोडण्यात आली होती, असे ज्युलियन पुढे सांगत असत. वाचकहो, ज्ञानबंदी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. त्याच १९१६ साली आपले बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास आटोपून लंडनला गेले. पुढच्या वर्षी बडोद्यात नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना, हे आपण सर्व जाणतो. ग्रीनकॅसलला ज्युलियन यांची हीच गत झाली. विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना जागा नव्हती. शेवटी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात वाढप्याचे काम करायचे, भट्टी पेटवायची आणि त्या बदल्यात माळ्यावर झोपायचे, अशी सोय झाली. शिक्षण अपुरे म्हणून महाविद्यालयाच्या तासांबरोबर हायस्कूलचे विषयही त्यांना पुरे करावे लागले. असे असूनही १९२० साली ते वर्गात पहिले आले.

वडिलांनी पुढे सारे बिऱ्हाडच ग्रीनकॅसलला हलवले, सगळ्या मुलांना शिकता यावे म्हणून. दोन मुलगे डॉक्टर झाले, तिन्ही मुली एम. ए.च्या दर्जाच्या पदव्यांपर्यंत पोहोचल्या. एका कारकुनाच्या पगारावर हे झाले, हे आम्हांस विशेष वाटते.

पहिला आला, पण पुढे काय?

पहिल्या आलेल्या मुलाला मोठ्या विद्यापीठात पीएच. डी.साठी जागा मिळायला हवी होती. तशी मिळाली नाही. ज्युलियन नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकवू लागले. ही संस्था कृष्णवर्णीयांचीच. नंतर हार्वर्डला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली, १९२३ साली तिथली एम. ए. पदवीही मिळाली. परंतु पुढे शिकायचे, तर विद्यार्थ्यांना शिकवण्याचे सहायकाचे काम मिळणे आवश्यक होते. गोरी मुले कृष्णवर्णीयाकडून शिकायला तयार होणार नाहीत, असे कारण पुढे करून ते काम त्यांना दिले गेले नाही.

पुन्हा शिकवणे सुरू झाले. पश्चिम व्हर्जिनिया, मग वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ. शेवटी १९२९ साली रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे गेले. तेथे एर्न्स्ट श्पेट या नामांकित प्राध्यापकांकडे वनस्पतींतील अल्कलॉइड द्रव्यांवर काम करून १९३१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पदवी आणि डॉक्टरेट यांमध्ये अकरा वर्षे गेली. त्यातली किती बुद्धीसाठी लागली आणि किती दार ठोठावण्यात गेली, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

परतल्यावर हॉवर्डमध्ये ते विभागप्रमुख झाले. मात्र तिथे खाजगी पत्रे वृत्तपत्रात छापली गेली, वाद पेटला आणि १९३२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. हे सांगायचे कारण एवढेच की, माणसाच्या वाटेतले सगळेच धोंडे परक्यांनी ठेवलेले नसतात. जुन्या डीपॉ विद्यापीठाने त्यांना संशोधक म्हणून बोलावून घेतले. व्हिएन्नातील सहकारी योसेफ पिकल हेही सोबत आले. येथेच ज्युलियन यांचे नाव जगाला माहीत करून देणारे काम झाले.

संश्लेषण म्हणजे काय?

ते काम समजण्यासाठी एक गोष्ट आधी समजून घेऊ. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आमच्या सोप्या भाषेबद्दल क्षमा करावी.

झाडे, बिया, मुळे यांत औषधी द्रव्ये असतात. रसायनशास्त्रज्ञ प्रथम ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढतो. मग त्याच्या रेणूत कोणते अणू किती आहेत आणि एकमेकांना कसे जोडलेले आहेत, हे शोधतो. मात्र हा नकाशा बरोबर आहे, हे कशावरून? साध्या, सहज मिळणाऱ्या रसायनांपासून सुरुवात करून, एकेक टप्प्याने अणू जोडत जाऊन तोच रेणू प्रयोगशाळेत तयार करता आला, तर नकाशा खरा ठरतो. यालाच सेंद्रिय संश्लेषण म्हणतात. एकदा रेणू बनवता आला की, दुर्मीळ झाडावर अवलंबून राहावे लागत नाही आणि गरजेप्रमाणे त्यात बदलही करता येतात.

आता प्रश्न असा की, प्रयोगशाळेत बनलेले पांढरे चूर्ण आणि झाडातून मिळालेले पांढरे चूर्ण एकच, हे ठरवायचे कसे? डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. त्या काळातील मुख्य कसोटी म्हणजे द्रवणांक. प्रत्येक शुद्ध घन पदार्थ एका ठरावीक तापमानाला वितळतो. दोन्हींचे द्रवणांक जुळले, दोन्ही मिसळूनही द्रवणांक खाली आला नाही, तर पदार्थ एकच. आम्ही बँकेतली माणसे ही गोष्ट लगेच समजतो. सायंकाळी रोकड जुळवताना एका रुपयाचा फरक आला, तरी "जवळजवळ जुळले" असे म्हणता येत नाही. जुळते तरी, नाहीतर चूक कुठे झाली ते शोधत बसावे लागते.

कॅलाबारचा दाणा आणि ऑक्स्फर्डचे प्राध्यापक

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातील कॅलाबार भागात, एका वेलीला विषारी शेंगा येतात. पूर्वी आरोपी खरे बोलतो की खोटे, हे ठरवण्यासाठी तिचे दाणे त्याला खायला घालीत. या दाण्यातून १८६४ साली फायसोस्टिग्मिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते डोळ्यात घातले की बाहुली आकुंचन पावते, डोळ्यातील पाण्याचा निचरा होतो आणि दाब कमी होतो. त्यामुळे काचबिंदूवर ते औषध ठरले. आपल्याकडे ज्याची विषबाधा खेडोपाडी माहीत आहे, त्या धोतऱ्याच्या विषावरही फायसोस्टिग्मिन उतारा म्हणून उपयोगी पडते.

या रेणूत १५ कार्बन, २१ हायड्रोजन, ३ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन अणू आहेत. त्याचा नकाशा १९२५ मध्ये मांडला गेला होता. परंतु संपूर्ण संश्लेषण कोणालाच जमले नव्हते. इंग्लंडात ऑक्स्फर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन याच प्रश्नावर काम करीत होते. सेंद्रिय रसायनशास्त्रात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. फायसोस्टिग्मिनच्या अलीकडचा टप्पा म्हणजे एसेरेथोल नावाचे द्रव्य. ते मिळाले की पुढची वाट आधीच ठाऊक होती. हे एसेरेथोल आपण तयार केल्याचे रॉबिन्सन यांच्या गटाने प्रसिद्ध केले.

इकडे डीपॉच्या लहानशा प्रयोगशाळेत ज्युलियन आणि पिकल वेगळ्या मार्गाने त्याच टप्प्यावर पोहोचले होते. पदवीचे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली काम करीत. ज्युलियन यांना मिळालेल्या एसेरेथोलचे गुणधर्म रॉबिन्सन यांच्या एसेरेथोलशी जुळेनात. दोघांपैकी एक चूक होता, हे उघड होते. एका बाजूला ऑक्स्फर्ड. दुसऱ्या बाजूला छोट्या गावातील महाविद्यालयात कायम नोकरीही नसलेला कृष्णवर्णीय संशोधक. आपले चुकले असेल असे समजून गप्प बसणे सर्वांत सोपे होते.

ज्युलियन गप्प बसले नाहीत. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी स्पष्ट लिहिले की, रॉबिन्सन यांनी बनवलेले द्रव्य एसेरेथोल नव्हे; आम्ही बनवलेले आहे. हे लिहिणे म्हणजे सारे आयुष्य पणाला लावणे होते. ज्युलियन खोटे ठरले असते, तर पुन्हा त्यांना कोणी उभे केले नसते. कसोटी एकच होती. नैसर्गिक फायसोस्टिग्मिनपासून मिळवलेले द्रव्य आणि प्रयोगशाळेत जोडून तयार केलेले द्रव्य यांची तुलना करायची. द्रवणांक जुळले. १९३५ साली फायसोस्टिग्मिनचे संपूर्ण संश्लेषण सिद्ध झाले. ज्युलियन बरोबर होते आणि रॉबिन्सन चूक होते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. तापमापकातील पारा चढताना समोर बसलेल्याचा रंग पाहत नाही. त्याला ऑक्स्फर्डही ठाऊक नसते आणि मॉन्टगोमेरीही. विज्ञानाचे हे मोठेपण आहे आणि ते खरे आहे.

पारा पाहत नाही, पण दार उघडणारा पाहतो

मात्र गोष्ट येथे संपत नाही. ज्या विद्यापीठाला ज्युलियन यांनी हे यश मिळवून दिले, तिथेही त्यांना कृष्णवर्णीय म्हणून प्राध्यापकपद नाकारण्यात आले. त्यांनी खाजगी कंपन्यांकडे अर्ज केले. ड्यूपॉन्ट या बड्या कंपनीने ज्युलियन आणि पिकल या दोघांना बोलावले आणि नोकरी एकट्या पिकल यांना देऊ केली. विस्कॉन्सिन राज्यातील ॲपलटन गावच्या कागद संशोधन संस्थेला ज्युलियन हवे होते. पण कृष्णवर्णीयांनी गावात रात्री मुक्काम करायचा नाही, असा तिथला नियम आडवा आला.

म्हणजे काम तेच, कागद तेच, द्रवणांक तोच. प्रयोगशाळेच्या आत काय जुळते ते पारा ठरवीत होता; पण प्रयोगशाळेत कोणी शिरायचे, ते माणसे ठरवीत होती. त्या मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आम्हांस येथे मिळाले.

१९३६ मध्ये शिकागोच्या ग्लिडन कंपनीने दार उघडले. रंग, तेल असा व्यवसाय असणाऱ्या या कंपनीने आपल्या सोयाबीन विभागाचे संशोधन संचालक म्हणून ज्युलियन यांना नेमले. एका मोठ्या उद्योगात एवढ्या जागेवर कृष्णवर्णीय माणूस बसणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्यांच्या पत्नी ॲना ज्युलियन यांनीही १९३७ मध्ये समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्या विषयात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री होत.

सोयाबीनमधून औषध

आज आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला सोयाबीन सांगावे लागत नाही. तेल काढायचे आणि पेंड जनावरांना, एवढाच त्याचा उपयोग बहुतेकांना ठाऊक असतो. ज्युलियन यांनी प्रथम सोयाबीनमधील प्रथिन मोठ्या प्रमाणावर शुद्ध करून कागदावर लेप देण्यासाठी वापरात आणले. याच सोयाप्रथिनापासून दुसऱ्या महायुद्धात आग विझवणारा फेस तयार झाला. तेलाच्या आगीवर पाणी चालत नाही. तेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. हा फेस पांघरुणासारखा पसरून हवा तोडतो. अमेरिकेच्या नौदलाच्या जहाजांवर तो वापरला गेला.

याहून मोठे काम तेलातून निघाले. सुमारे १९४० साली ग्लिडनच्या एक लाख गॅलनच्या तेलाच्या टाकीत पाणी शिरले आणि तळाशी पांढरा गाळ बसला. दुसरा कोणी असता, तर तेल वाया गेले म्हणून हळहळला असता. ज्युलियन यांनी तो गाळ ओळखला. पूर्वी डीपॉमध्ये कॅलाबारच्या दाण्यांच्या तेलातून असेच पांढरे स्फटिक त्यांना मिळाले होते. ते होते स्टिग्मास्टेरॉल. म्हणजे पाणी शिरले हा अपघात होता. परंतु गाळ ओळखणे हा अपघात नव्हता, ती आधीच्या अभ्यासाची कमाई होती.

स्टिग्मास्टेरॉलचे एवढे महत्त्व कशासाठी? आपल्या शरीरातील काही महत्त्वाची संप्रेरके, ज्यांना आपण हार्मोन म्हणतो, स्टेरॉइड या कुळातली आहेत. या कुळाचा सांगाडा एकच : एकमेकांना चिकटलेली चार कडी, त्यांत १७ कार्बन. तीन कडी सहा कार्बनांची आणि एक पाच कार्बनांचे. स्टिग्मास्टेरॉलमध्ये हा सांगाडा आयता असतो. बाजूची शेपटी तोडून दुरुस्ती केली की प्रोजेस्टेरॉन हे गर्भधारणेला आवश्यक संप्रेरक मिळते. ही रासायनिक वाट जर्मन शास्त्रज्ञांनी १९३४ मध्येच दाखवली होती. परंतु माल कुठून आणायचा? जनावरांपासून प्रोजेस्टेरॉन काढायचे, तर सुमारे पन्नास हजार डुकरिणींच्या बीजकोशांतून केवळ २० मिलिग्रॅम मिळाले होते.

ज्युलियन यांनी सोयातेलात कळीचा चुना मिसळून फेसाळ, सच्छिद्र घन पदार्थ बनवण्याची युक्ती काढली. अशा पदार्थातून स्टेरॉल सहज बाहेर काढता येतात. तेल तर टनावारी उपलब्ध होते. त्यामुळे परीक्षानळीतले रसायनशास्त्र कारखान्यात आले. पहिले पौंडभर कृत्रिम प्रोजेस्टेरॉन सशस्त्र पहाऱ्यात अपजॉन या औषध कंपनीकडे पाठवले गेले. त्याची किंमत होती ६३,५०० डॉलर. गर्भपाताचा धोका असलेल्या स्त्रियांवरील उपचारासाठी डॉक्टर त्या काळी हे औषध वापरीत.

श्रेय नेमके किती?

थोर माणसांविषयी बोलताना आपण पुष्कळदा वाहवत जातो. ज्युलियन यांच्याबद्दलही "कॉर्टिसोनचा शोध लावणारे" असे लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. हिशेबात जास्त जमा दाखवणे हीदेखील चूकच असते, म्हणून नेमके सांगतो.

१९४९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकने जाहीर केले की, कॉर्टिसोन दिल्यावर सांधे आखडलेले आमवाताचे रुग्ण उठून चालू लागतात. हे कॉर्टिसोन मर्क कंपनीत गुरांच्या पित्तातील आम्लापासून सुमारे ३६ टप्प्यांनी बनत असे. सुरुवातीला एका ग्रॅमला २०० डॉलर पडत. गरिबाने त्याचे नावही काढू नये. ज्युलियन यांनी त्याच वर्षी 'कंपाउंड एस' हे जवळचे द्रव्य स्वस्तात बनवण्याची पद्धत काढली. शरीरातील हायड्रोकॉर्टिसोनमध्ये आणि त्यात एकाच ऑक्सिजन अणूचा फरक आहे. सांगाड्यातील अकराव्या कार्बनवर तो ऑक्सिजन बसवायचा राहतो. मात्र तो बसवणे हेच सर्वांत अवघड होते. ते कोडे १९५२ मध्ये अपजॉनच्या शास्त्रज्ञांनी सोडवले, तेही शिळ्या पावावर येते त्या जातीच्या बुरशीकडून काम करवून घेऊन. बुरशी प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवून देते. पुढे दुसऱ्या एका बुरशीच्या साहाय्याने कंपाउंड एसपासून थेट हायड्रोकॉर्टिसोन बनू लागले.

तेव्हा कॉर्टिसोन ज्युलियन यांचे नव्हे. परंतु ते स्वस्त होण्याच्या वाटेवरील एक भक्कम पायरी त्यांची आहे. मेक्सिकोतील रानकंदापासून याच द्रव्यांकडे जाणारी रसेल मार्कर यांची वाटही होती, आणि पुढे तीच अधिक स्वस्त ठरली. एवढे सांगूनही ज्युलियन यांचे मोठेपण तसूभर कमी होत नाही. उलट खरे मोठेपण दिसते ते येथे.

घरावरचा हल्ला

१९५० साली शिकागोत त्यांची वर्षातील मानाचे नागरिक म्हणून निवड झाली. त्याच वर्षी त्यांनी जवळच्या ओक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. नोव्हेंबरमध्ये, राहायला जाण्यापूर्वीच, ते जाळण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये घरावर डायनामाइट फेकण्यात आले. मुलांच्या झोपण्याच्या खोलीबाहेर स्फोट झाला. कित्येक रात्री ज्युलियन आपल्या मुलाला सोबत घेऊन बंदूक हाती धरून घराची राखण करीत बसत. वस्तीतले काही गोरे शेजारी मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्युलियन यांनी घर सोडले नाही. रात्री त्यांच्याबरोबर बसणारा तो मुलगा पुढे नागरी हक्कांचे खटले लढवणारा वकील झाला.

जुलै १९५१ मध्ये शिकागोतील एका क्लबात शास्त्रज्ञांचे भोजन आणि सभा होती. ज्युलियन यांनाही निमंत्रण होते. क्लबने कळवले, त्यांना आत घेता येणार नाही. कारखान्यात त्यांनी बनवलेले औषध चालत होते, पंगतीला माणूस चालत नव्हता. पंक्तिभेदाची ही रीत आपल्याला परकी नाही.

दार धरून ठेवणारा माणूस

१९५३ मध्ये ज्युलियन ग्लिडनमधून बाहेर पडले आणि त्यांनी फ्रँकलिन पार्क येथे स्वतःची 'ज्युलियन लॅबोरेटरीज' उभारली. आपल्या लेखातील हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांना इतरत्र कोणी घेत नव्हते, अशा कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञांना त्यांनी नोकऱ्या दिल्या, स्त्रियांना दिल्या. अडचणीही आल्या. मेक्सिकोतील रानकंदाचा पुरवठा मिळेना, तेव्हा व्हिएन्नातील दिवसांपासूनचे यहुदी मित्र अब्राहम झ्लोटनिक यांनी ग्वाटेमालात तो कंद शोधून दिला. नाझींच्या तावडीतून सुटून येण्यास याच मित्राला ज्युलियन यांनी पूर्वी मदत केली होती. १९६१ साली त्यांनी कंपनी स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या औषध कंपनीला २३ लाख डॉलरना विकली. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंट जमा झाली.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. त्या वेळी त्यांचे वय होते ७४. फायसोस्टिग्मिनला ३८ वर्षे उलटून गेली होती. १९ एप्रिल १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. १९९३ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. रेल्वेच्या डब्यात टपालाची वर्गवारी करणाऱ्या कारकुनाच्या मुलाचे चित्र टपालावर आले. ज्या डीपॉने प्राध्यापकपद नाकारले, तिथली विज्ञानाची इमारत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९९९ मध्ये फायसोस्टिग्मिनच्या संश्लेषणाला अमेरिकन केमिकल सोसायटीने रसायनशास्त्राच्या इतिहासातील राष्ट्रीय महत्त्वाच्या घटनांत स्थान दिले.

त्या मुलास उत्तर

आता अभ्यासिकेतील त्या प्रश्नाकडे वळू. संशोधनात कामाकडे बघतात की आडनावाकडे?

बाळा, दोन्हीकडे बघतात. परीक्षानळीतले काम बघणारा पारा निःपक्षपाती असतो. परंतु परीक्षानळी तुझ्या हाती द्यायची की नाही, हे ठरवणारी माणसे असतात, आणि माणसे सगळी पाऱ्यासारखी नसतात. म्हणून दोन गोष्टी लागतात. पहिली तुझ्या हातात आहे. काम असे चोख कर की कोणीही, कुठेही, पुन्हा करून पाहिले तरी तेच उत्तर यावे. ऑक्स्फर्डशी गाठ पडली, तरी खाली बघावे लागू नये. ज्युलियन यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते, हे होते.

दुसरी गोष्ट एकट्याच्या हातात नसते. ज्युलियन यांना वडिलांनी बिऱ्हाड हलवून आधार दिला, एका शिष्यवृत्तीने व्हिएन्नाला नेले, एका कंपनीने दार उघडले. यातला एकही दुवा निखळला असता, तर तोच हुशार माणूस कुठल्यातरी शाळेत फळा पुसत निवृत्त झाला असता आणि आपण त्याचे नावही ऐकले नसते. असे किती राहून गेले असतील! म्हणून मंडळाच्या सभासदांना आमचे सांगणे आहे. अभ्यासिकेचा दिवा रात्री दहालाच का घालवायचा? परीक्षेच्या फीसाठी अडलेल्या मुलाला चार महिन्यांनी ठराव करून नव्हे, त्याच आठवड्यात मदत मिळाली पाहिजे. आपल्यापैकी जे कोणी कारखान्यात, महाविद्यालयात, बँकेत चार माणसे नेमण्याच्या जागी पोहोचले आहेत, त्यांनी आपण आत आल्यावर दार लोटून तर घेतले नाही ना, हे एकदा मागे वळून पाहावे.

तो मुलगा गेल्या रविवारीही आला होता. सेंद्रिय रसायनशास्त्राचे पुस्तक उघडून बसला होता. आम्ही त्याला टाकीतल्या पांढऱ्या गाळाची हकिगत सांगितली. त्याने विचारले, "काका, स्टिग्मास्टेरॉलची शेपटी नेमकी कुठून तोडतात?" याचे उत्तर आम्हांला देता आले नाही. ते आता त्यानेच शोधावे आणि पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आम्हांला समजावून सांगावे.